सेव्हरिनने जोडलेला पाट

आमच्या गावाला पाऊस नावापुरताच. आम्ही जगतो ते हिमनदीच्या पाण्यावर, आणि ते येतं कड्याच्या पोटाला ठोकलेल्या लाकडी पन्हळीतून. गावाच्या वरच्या अंगाला, आमच्या घराच्या मागेच, पाटावर एक पाणचाक आहे. चाक फिरतं तोवर लाकडी हातोडा फळीवर आपटत राहतो, उन्हाळाभर, दिवसरात्र. तो थांबला की पाट फुटला असं समजायचं आणि ज्या घराची पाळी असेल त्या घरच्या पुरुषाने कड्यावर जायचं. निघण्याआधी पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून पापांची क्षमा मागून घ्यायची, कारण परतीचा भरवसा नाही. माझा नवरा त्या कड्यानेच गिळला.

माझी सून फिलोमेना खालच्या नदीकाठची, द्राक्षमळ्यांतली. हातोड्याचं सगळं मी तिला सांगितलं होतं. पण जिने पाण्यासाठी कधी माणूस गमावलं नाही, तिला काय कळणार? तिला ती नुसती कटकट वाटायची.

त्या जुलैत तिची तान्ही आग्नेस तापाने फणफणली होती. पोरीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि आईचाही.

"आई, हा आवाज थोडा वेळ बंद नाही का करता येणार?" तिने मला विचारलं.

"आधी गावाचा गळा दाब, मग तो बंद कर," मी खेकसले आणि कुरणात कापलेलं गवत उलटवायला निघून गेले.

दुपारी गवत उलटता उलटता सगळ्या बायकांचे हात एकदम थांबले. हातोडा गप्प झाला होता. गवत वाळत होतं म्हणून त्या दिवशी कुणी शेताला पाणी घेतलेलं नव्हतं, त्यामुळे पाट बघितला कुणीच नाही. पाळी आमच्या घराची, म्हणजे माझ्या सेव्हरिनची. मी धापा टाकत चर्चपाशी पोचले तेव्हा तो दोर खांद्यावर घेऊन निघालाच होता.

"तोंड पाडू नकोस, आई. इग्नाझ येतोय बरोबर. तो एवढा जाड आहे की पडला तरी दरीत मधेच अडकेल."

"माझं पोट मोजू नकोस, चल," इग्नाझ म्हणाला.

बाकीच्या बायकांबरोबर चर्चमध्ये प्रार्थना करून उन्हं कलताना मी घरी आले. पोरगी पाळण्यात शांत झोपली होती आणि फिलोमेना पाळण्याच्या कडेवर डोकं टेकून मेल्यासारखी पडली होती. मी घागर घेऊन मागे गेले. पाट तुडुंब वाहत होता. चाकाच्या आऱ्यांत फिलोमेनाची तपकिरी शाल कोंबलेली होती.

मी ती ओढून काढली. हातोडा पुन्हा वाजू लागला आणि खालून गावाचा जल्लोष ऐकू आला, "जोडला! सेव्हरिनने जोडला!"

मी त्याचं नाव घेत कड्याकडे पळत सुटले. वाटेत इग्नाझ समोरून आला, एकटा.

"काकू, आम्ही वरून पन्हळीवर उतरलो तर तिथे पाणी होतं. तो म्हणाला, म्हणजे फूट पुढे, खालच्या अंगाला असणार. वळणापलीकडे एकटाच गेला. मग नुसती फळी मोडल्याचा आवाज आला." तो थांबला, कान देऊन ऐकू लागला. "पण वाजतोय बघा. पडायच्या आधी जोडला त्याने."

नसलेली फूट शोधत माझा पोरगा गेला. मी इग्नाझला काही बोलले नाही. घरी येऊन ती ओली शाल फिलोमेनापुढे टाकली. तिला सगळं कळलं. त्या क्षणी तिचा जीव घ्यावासा वाटला मला. पण गावाला सांगितलं असतं तर त्यांनी तिला पोरीसकट हाकललं असतं, आणि सेव्हरिनचं म्हणून माझ्याकडे ती पोरच उरली होती. पाद्रीबाबांनी मातीच्या वेळी त्याला गावाचा तारणहार म्हटलं. मी मान खाली घालून ऐकलं.

वसंतात पाट सोडायची वेळ आली. हिवाळाभर चाक अडवून धरणारी खुंटी काढायचा मान पंचांनी यंदा सेव्हरिनच्या विधवेला दिला. अख्खं गाव ठेवणीतले कपडे घालून जमलं. फिलोमेनाने खुंटीला हात घातला आणि तशीच उभी राहिली.

"बिचारी! किती जीव होता नवऱ्यावर," मागून कुणीतरी म्हणालं.

ती माझ्याकडे वळली. मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "आई, मला नाही सोसवत. मी सांगून टाकते सगळ्यांना."

"पोर माझ्या कडेवर आहे," मी हळूच म्हणाले. "खुंटी काढ."

तिने खुंटी काढली. हातोडा वाजू लागला, तशा पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या उतरवल्या.