बुलेटवाली

"चावी द्या वयनी," आप्पासो हात पुढं करून म्हणाले, "आन् तुमी जरा बाजूला ऱ्हावा."

राजेश्वरी गाडीवरून उतरलीच नाही. अंगावर लग्नातलं हिरवं नऊवारी, नाकात जावेची नथ, डोक्याला भगवा फेटा. फेटा नवऱ्यानं अंथरुणात पडल्या पडल्या बांधून दिला होता. "आज तूच म्होरं," असंही म्हणाला होता.

"आवं, तुमीच सांगितलं न्हवं, पाडव्याच्या शोभायात्रेला बुलेट घिऊन या म्हणून?"

"बुलेट म्हणलो हुतो," आप्पासो हसले.

चूक तिचीच. नवऱ्याची कंबर गेली तेव्हा तिनं त्याची बुलेट काढली, दोन्ही अंगांना कॅन अडकवले आणि गावचं दूध गोळा करून डेअरीला घालू लागली. तेव्हा याच आप्पासोंनी भर पारावर विचारलं होतं, "बाईमाणसानं टांग टाकून बसायचं? गावाला अब्रू हाय का न्हाई?" आता कराडच्या चौकात त्यांनाच टांग टाकून बसलेली बाई हवी होती. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, ते हे असे.

तेवढ्यात आप्पासोंची पुण्याची पुतणी ऋचा आली. गोरीपान, नाजूक, नऊवारीची घडी न घडी जागच्या जागी.

"काका, मला गाडी येत नाही हं."

"चालवायची कुणाला हाय? बंदच ठिवू. मागनं ढकलत्याल."

"मी चालवते की," राजेश्वरी म्हणाली. "ताई बसत्याल मागं."

आप्पासोंनी आवाज खाली आणला. "वयनी, उनानं पार रापलायसा. फोटूत बाईसारखी बाई पायजे. आन् सांजचं दूध डेरीला घालायचंच हाय न्हवं?"

डेअरीचे चेअरमन तेच होते. राजेश्वरी उतरली आणि चावी दिली.

पोरगी बसली खरी, पण गाडी हलताच डगमगू लागली. ते लोखंडाचं धूड कसं तोलायचं हे तिथं एकाच माणसाला ठाऊक होतं. राजेश्वरीनं नथ काढून कनवटीला खोचली, फेटा काढून काखेत मारला आणि मागून सीटचा दांडा धरला.

"आक्का, सोडू नका हं," ऋचा वळून पुटपुटली.

"न्हाई सोडत. म्होरं बघ."

माईकवाला ओरडत होता, "पाहा ही आजची रणरागिणी! कुणाच्या आधाराशिवाय उभ्या राहिलेल्या नारीला मानाचा मुजरा!" शिट्ट्यांनी चौक दणाणला. राजेश्वरीला ढसाढसा रडावंसं वाटत होतं, पण दोन्ही हात गुंतलेले होते.

घरी नवरा वाटच बघत होता. "शिट्ट्या वाजल्या का गं?"

"लय वाजल्या," ती म्हणाली आणि कॅन घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. बुलेटवर ऋचा, डोळ्यांवर गॉगल. कडेला सीटच्या दांड्यावर दोन रापलेले हात, हिरव्या बांगड्या. त्यापुढं फोटो कापलेला.

दुधाचे कॅन घेऊन निघालेली राजेश्वरी तिथं थांबली. स्वतःचे हात ओळखायला तिला वेळ लागला नाही.

मागून कॉलेजच्या दोन पोरी मोबाईल धरून आल्या.

"ओ काकू, गाडी जरा बाजूला घ्या ना. फ्लेक्सवरची बुलेटवाली झाकली जातीय."

राजेश्वरीनं गाडी बाजूला घेतली.