बाहेर जाण्याचा रकाना

आराखड्यात आठवड्याच्या चाळीस तासिका होत्या आणि अकरा विषय. गणिताला सहा, विज्ञानाला सहा, दोन भाषांना चार-चार, इतिहास-भूगोलाला मिळून चार, खेळाला चार, संगीताला तीन, हस्तकलेला तीन, आणि बागकाम, वादविवाद, तर्क यांना प्रत्येकी दोन. मुलं अठरा: दहा मुली, आठ मुलगे. खोल्या सात, मजले तीन, पायऱ्या चौसष्ट. वरच्या वर्गातून तळमजल्यावरच्या संगीताच्या खोलीत जायला मला सरासरी तीन मिनिटं दहा सेकंद लागत, म्हणून दोन तासिकांमध्ये मी पाच मिनिटं ठेवली होती. जेवणाची सुट्टी पंचवीस मिनिटांची. त्या सुट्टीतही मुलांनी दुसऱ्या भाषेत गप्पा मारत जेवायचं होतं. त्याला मी 'संवाद-भोजन' असं नाव दिलं होतं.

घरी दादाला आराखडा दाखवला तेव्हा तो बराच वेळ कागदावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, श्वास घ्यायची तासिका कितवी आहे? मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला.

पदवी हातात पडून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. शाळेनं दहा-अकरा वर्षांची अतिशय हुशार मुलं निवडून एक वेगळा वर्ग काढला आणि त्याचा अभ्यासक्रम आखायचं काम माझ्याकडे आलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या होत्या की ही मुलं नुसती गणितं सोडवणारी यंत्रं होता कामा नयेत. त्यांचे हात, गळा, पाय सगळं चाललं पाहिजे. मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

आराखड्याबरोबर मी एक निरीक्षण-तक्ताही केला होता. प्रत्येक तासिकेला शिक्षकांनी तो भरायचा. प्रश्न किती विचारले, इतरांना मदत किती केली, असे सात रकाने होते. सातवा रकाना एकाग्रतेचा. एकाग्रता मोजायची कशी, हे मला सुचत नव्हतं. शेवटी मी ठरवलं की तासिका चालू असताना मूल जितक्या वेळा वर्गाबाहेर जाईल तितक्या काड्या मारायच्या. काड्या कमी तर एकाग्रता जास्त. सत्र संपल्यावर ज्यांना हा वर्ग झेपत नाही त्यांना सर्वसाधारण वर्गात पाठवायचं होतं आणि ते ठरवताना हा तक्ता बघितला जाणार होता. पालकांच्या सभेत मी हे सांगितलं, तेव्हा मुलंही बसली होती.

पहिल्या महिन्यात सातव्या रकान्यात एकशे बारा काड्या पडल्या. दुसऱ्यात एकोणचाळीस, तिसऱ्यात तीन. मी आलेख काढला. मोठ्या बाईंनी तो शिक्षकांच्या खोलीत लावला आणि एक प्रत संस्थेच्या मंडळाकडे पाठवली. मंडळाकडून कौतुकाचं पत्र आलं. घरी मी ते दादाला दोनदा वाचून दाखवलं.

चौथ्या महिन्यातल्या एका गुरुवारी, सातव्या तासिकेला, संगीताच्या खोलीत एका मुलीची चड्डी ओली झाली. या मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती वर्गात सगळ्यांत लहानखुरी होती आणि स्वतःच्या वजनाइतकी पुस्तकं वाहायची. आधीची तासिका खेळाची होती. ऊन होतं, म्हणून सरांनी धावून झाल्यावर सगळ्यांना आपल्यासमोर उभं करून भरपूर पाणी प्यायला लावलं होतं. मुंगी रांगेत उभी राहून गात होती. गाणं पूर्ण होईपर्यंत तिनं रांग सोडली नाही.

त्याच संध्याकाळी मी तिच्या अहवालात लिहिलं: 'बौद्धिक क्षमता उत्तम. भावनिक परिपक्वता वयाच्या मानाने कमी. सर्वसाधारण वर्गात पाठवण्याचा विचार व्हावा.' हे लिहायला मला चार मिनिटंही लागली नसतील. तिच्या आईला शनिवारचं बोलावणं गेलं.

शुक्रवारी मुंगी आली नाही. शाळा सुटायच्या आधी साफसफाईच्या मावशी जिन्यात भेटल्या. संगीताच्या खोलीतली फरशी त्यांनीच पुसली होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या हुशार पोरांपेक्षा माझ्या कुंड्या जास्त पाणी पितात."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की या वर्गाची मुलं घरी जाताना भरलेल्या बाटल्या व्हरांड्यातल्या कुंड्यांत ओततात. बाटली भरलेली परत गेली की घरी बोलणी बसतात ना! दोन महिने झाले हे चालू होऊन. मावशींनी हे मला आधीही एकदा सांगितलं होतं. तेव्हा मी घाईत होते आणि त्यांना हो हो म्हटलं होतं.

आठवी तासिका माझीच होती. मी मुलांना बाटल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या आणि प्रयोगशाळेतून मोजपात्र आणलं. सतरा बाटल्या होत्या. सकाळी त्या काठोकाठ भरलेल्या असतात, असं सगळ्यांनी सांगितलं. सकाळी साडेआठपासून दुपारी दोनपर्यंत प्रत्येकानं सरासरी अडतीस मिलिलिटर पाणी प्यायलं होतं. तीन छोटे घोट. सहा बाटल्यांना तोंडही लागलं नव्हतं.

का, असं मी विचारलं. मग वादविवादात सगळ्यांना गप्प करणारी, जिला मुलं वकील म्हणायची, ती मुलगी उभी राहिली.

"ताई, मधल्या पाच मिनिटांत खाली बाथरूमला जाऊन वर येणं होत नाही. तासिका चालू असताना गेलं की काडी पडते. काड्या जास्त झाल्या की वर्ग जातो. म्हणून मग पाणीच प्यायचं नाही."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आम्हीच शोधून काढलं. पहिल्या महिन्यात कुणाकुणाचं जमत नव्हतं, आता सगळ्यांचं जमतं." मग म्हणाली, "काल सरांनी पाजलं म्हणून. नाहीतर मुंगीला तर सगळ्यांत चांगलं जमायचं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कोडं कसं सोडवलं ते ती मला सांगत होती आणि मी शाबासकी देईन असं तिला वाटत होतं.

शाळा सुटल्यावर मी मोठ्या बाईंकडे गेले आणि आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते नीट वाचले. मग म्हणाल्या की तक्ता बदलू, पण पुढच्या महिन्यात, गाजावाजा न करता. आलेख मंडळाकडे गेलाय. आता तो परत मागवला तर या वर्गालाच टाळं लागेल. मुंगीच्या आईला तर बोलावलंच आहे, आणि सर्वसाधारण वर्गात पोरीला त्रासही कमीच होईल. पटतंय ना? मी मान हलवली. सतरा मुलांचा वर्ग वाचतो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर माझा आलेख वाचत होता.

शनिवारी मुंगीची आई कामावरूनच आली, कंडक्टरच्या खाकी गणवेशात. शेजारी मुंगी. आमच्यामागच्या भिंतीवर तो आलेख होता. मोठ्या बाईंनी गोड शब्दांत अहवाल वाचून दाखवला आणि सहीचा कागद पुढे केला. आईनं तो हातात घेतला, पण वाचला नाही.

"माझंच चुकलं, बाई," ती म्हणाली. "मी गाडीवर असले की पाणी पीत नाही. भरली गाडी कुठं थांबवणार? घरी गेले की तांब्या तोंडाला लावते. ही लहानपणापासून तेच बघते. मला वाटलं, आईसारखं करतेय, मोठी झाली. मीच सांगायला हवं होतं हिला की मुलांनी असं करायचं नसतं."

मोठ्या बाई म्हणाल्या की होतं असं, घरच्या सवयी असतात. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहायलाच हवं. चूक उचलायला कुणीतरी आपणहून पुढे आलं होतं.

आईनं मुंगीला कोपरानं हलवलं. "ताईंची माफी माग."

मुंगी उठून उभी राहिली. दोन्ही हात मागे बांधले, प्रार्थनेला उभी राहते तशी. "सॉरी ताई," ती म्हणाली. "परत नाही होणार. मी आता सरांनी सांगितलं तरी नाही पिणार."

आईनं पेन उघडलं.

"सही करू नका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटलं. मग सातव्या रकान्याबद्दल, पाच मिनिटांबद्दल, काल मोजलेल्या सतरा बाटल्यांबद्दल सांगितलं. अहवालातलं ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे, हेही सांगितलं. मोठ्या बाई खिडकीकडे बघत होत्या.

आईनं विचारलं, "म्हणजे हे तुम्हाला कालच माहीत होतं?"

"हो."

"आणि आत्ता पोरगी माफी मागत होती, तेव्हाही?"

"हो."

तिनं पेनला टोपण लावलं आणि कागद टेबलावर उलटा ठेवला. मुंगीचा हात धरला आणि जाताना मोठ्या बाईंना म्हणाली, सोमवारी येईल ही, याच वर्गात. माझ्याशी ती काही बोलली नाही. मुंगीनं मात्र दारातून मागे वळून विचारलं की मग शनिवारच्या काड्या कशा मोजतात. शनिवारी वर्ग नसतो, एवढंच मी म्हणू शकले.

आलेख मी स्वतः भिंतीवरून काढला. मंडळाला पत्र लिहून तो चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे, ते कळवलं. मंडळानं वर्ग बंद केला नाही. पुढच्या सत्रापासून माझ्या कामावर एका अनुभवी शिक्षिकेची देखरेख ठेवली. सातवा रकाना गेला. तर्काच्या दोन्ही तासिका गेल्या, बाकीच्या पाच-पाच मिनिटांनी लहान केल्या, आणि दोन तासिकांमधला वेळ दहा मिनिटांचा झाला. जेवताना कुणी कुठल्याही भाषेत बोललं तरी चालू लागलं. मुलांना मी एकत्र बसवून चूक कुणाची होती ते सांगितलं. वकिलानं तीन प्रश्न विचारले. मुंगीनं एकही विचारला नाही.

हे बदल झाल्यावर विसाव्या दिवशी, मुलांना विचारून, मी पुन्हा बाटल्या मोजल्या. अठरा बाटल्या, प्रत्येकी साडेसातशे मिलिलिटरच्या, वेळ दुपारचे दोन. सतरा मुलांनी सरासरी चारशे सहा मिलिलिटर पाणी प्यायलं होतं. मुंगीच्या बाटलीत सातशे पस्तीस मिलिलिटर शिल्लक होतं.