हळकुंडांचा मासा

बाबांनी समुद्र कधी पाहिला नाही. वसमतजवळच्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते. समुद्र त्यांनी फक्त वाचलेला होता. गेल्या महिन्यात ते गेले. तेव्हापासून मला पंच्याहत्तर सालचं शालूआत्याचं खळं सारखं आठवतं.

शिजवलेली हळद वाळत घालायचे दिवस होते. सातवीनंतर मला परभणीच्या वसतिगृहात पाठवायचं बाबांनी ठरवलं होतं आणि मी जाणार नाही म्हणत होते. आई नव्हती. बाबांना भाकरी कोण टाकून देणार, चष्मा कोण शोधून देणार?

"दादा, ही गोचीड काई तुला सोडत न्हाई," आत्या त्या दिवशीही म्हणाली.

पसरलेली हळद बाबा फावड्यानं ओढू लागले. दोन्हीकडे पंखांसारखी टोकं, मागे बारीक शेपूट, तोंडाशी दोन शिंगं. अख्खं खळं भरलं. आत्या कपाळाला हात लावून बसली. हा मांटा मासा, बाबा म्हणाले, खोल पाण्यात घारीसारखा तरंगतो. मग त्याच्या पोटाशी त्यांनी एक लांबट हळकुंड ठेवलं. हा रेमोरा. डोक्यावरच्या चकतीनं मोठ्या माशाला चिकटतो, त्याच्यासोबत हिंडतो आणि त्याच्या अंगावरचे किडे खातो.

"रगत पीत न्हाई," ते आत्याकडे बघून म्हणाले. "गोचीड येगळी."

"आन सोडतो कवा?"

"त्याला वाटलं की. त्याचं त्यालाच सोडावं लागतं."

मी विचारलं, मग मोठ्या माशाचं कसं होतं, त्याला सवय झालेली असते ना? पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं, म्हणाले, आणि हळद खालीवर करू लागले. संध्याकाळी आत्यानं मासा मोडून पोत्यांखाली झाकला. आपण गोचीड नाही, एवढं मला पुरलं होतं.

जूनमध्ये वसमतच्या स्टँडवर मी आपणहून एसटीत चढले. बाबांनी बाहेरून खिडकीचा गज धरला. भाकरी आधी खा, चष्मा मी आता खुंटीलाच अडकवीन, असं काहीबाही बोलत राहिले. गाडी हलली. ते गज धरून सोबत चालू लागले, पार फाटकापर्यंत. कंडक्टरनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"गुरुजी, सोडा आता."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात काढला.