मोकळ्या जागेचं माप

ताईची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण जुन्या घरात ती आंधळी आहे हे पाहुण्याला सांगावं लागायचं. दूध उतू जायच्या आत तिचा हात गॅसच्या बटणावर असायचा. मग ते घर पाडायचं ठरलं आणि मुलाने तिला दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरात आणलं. तिथे महिन्याभरात ती तीनदा पडली. तिसऱ्या खेपेला मनगट मोडलं.

मुलगा आणि सून दोघंही दिवसभर कामावर. मुलाने हात टेकले. आणखी एकदा पडली तर तिला वृद्धांच्या निवासात ठेवायचं, तिथे निदान सोबतीला माणूस असतं, असं तो म्हणाला. म्हणताना तो तिच्या प्लास्टरमधल्या हाताखाली उशी सरकवत होता, म्हणून त्याला कुणी बोल लावला नाही.

ताईचा धाकटा भाऊ सुतार. घर पाडायच्या आधी त्याने तिच्या खोलीची मापं वहीत उतरवून ठेवली होती. तीच खोली इथे उभी करतो, असं त्याने भाच्याला सांगितलं. पलंग जिथे खिडकी असायची त्या भिंतीपासून सव्वा फूट, कपाट दाराच्या भिंतीला चिकटून, टेबल कपाटाला लागून. नवी खोली दीड फुटाने आखूड होती. ते दीड फूट त्याने मधल्या मोकळ्या जागेतून कमी केले. तिथे काही नव्हतंच, मग अडणार कुणाचं? बाकी सुताचाही फरक पडू दिला नाही.

ताई दारातून निघाली आणि पाचव्या पावलाला तिचा गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर आदळला. भावाने धरली म्हणून वाचली.

"खोली छान केलीस," ती म्हणाली, "पण माझी नाही ही."

"का? तुझ्या खोलीला शिंगं होती?"

"शिंगं तुझ्या टेबलाला आहेत."

भाऊ रात्रभर मनात कुढत राहिला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच त्याने खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं. सुनेला स्वयंपाकघरात जायला अंग चोरावं लागत होतं. भावाने ताईला उंबऱ्याशी उभं केलं आणि जुन्या घरात चालायचीस तशी चाल म्हणून सांगितलं. आपण खडू घेऊन गुडघ्यांवर तिच्या मागे निघाला. ती पाऊल टाकायची, तो टाचेमागे रेघ ओढायचा.

आधी ती चाचपडली. मग खांदे सैल झाले. खिडकी असायची तिथे थांबून तिने हवेत हात घातला, बोटं वळवली, वर उचलली आणि मग ओढली. भावाच्या अंगावर काटा आला. ती खिडकी त्यानेच बसवलेली. तिची कडी आधी उचलल्याशिवाय सुटत नसे. खोलीच्या त्या बाजूला नुसती कोरी भिंत होती, आणि ताईने ऊन लागल्यासारखे डोळे बारीक केले. ज्या डोळ्यांना दिवस आणि रात्र एकच, ते डोळे. भाऊ खडू धरून तसाच बसून राहिला. पाडलेलं घर इथे, या बाईच्या हातापायांत, पत्ताही न बदलता उभं होतं.

परत फिरताना ती मध्येच वळली. भावाने मागच्या रेघा पाहिल्या. जातानाही ती तिथेच वळली होती, आणि तो वळसा नेमका कालच्या टेबलाच्या कोपऱ्यावरून गेला होता. रिकाम्या फरशीवर दोन्ही बाजूंनी अर्धगोल उमटला होता, मधोमध माणूस आडवा मावेल एवढी जागा सोडून.

"ताई, इथे काय आहे?"

"कुठे काय?"

"तू वळसा घालतेस."

ती म्हणाली, छे, मी सरळच चालते. मग त्या जागी पाय पुढे करून पाहिला, तो पुढे जाईना. ती स्वतःशीच हसली.

"अरे, हा अभ्यासाला पालथा पडायचा इथे," ती म्हणाली. "खोलीभर पाय पसरून. टेबल दिलं तरी फरशीच हवी."

ज्याच्याबद्दल ती बोलत होती तो मुलगा दारातच उभा होता. केस कानांवर पिकलेले, हातात चहाचा कप. फरशीवरच्या खडूच्या गोलाकडे तो कितीतरी वेळ बघत होता. पस्तीस वर्षांत ताईने त्या पायांवर एकदाही पाऊल दिलं नव्हतं, आणि हे तिलाही आज कळत होतं.

भावाने दुपारी टेबल आणि कपाट दोन्ही कापून अरुंद केली. ते दीड फूट मधल्या जागेला परत मिळाले. कापलेली लाकडं वाया गेली, त्याचं त्याला काही वाटलं नाही.

सोमवारी सून आधी गेली. मुलाने दार ओढून घेतलं, पण जिना उतरला नाही. दाराला कान लावून उभा राहिला. आत पावलं निघाली. एक, दोन, तीन, चार. मग क्षणभर पाऊल हलकं झालं, बाजूला सरलं आणि पुन्हा पुढे गेलं. त्याने श्वास सोडला आणि सावकाश, कठड्याला धरून, खाली उतरायला लागला.