उंच गाडी की ठेंगणी

युसूफ वडगाव या गावात माणूस स्वतःसाठी गाडी घेतो, हा निव्वळ भ्रम आहे. पैसे तेवढे त्याचे. दारात पांढरी, उंच, सात माणसं बसणारी गाडी उभी राहिली की ती गावाची झाली म्हणून समजा. कोणाचा नवरदेव आणायचाय, कोणाच्या म्हातारीला लातूरला दाखवायचंय, कोणाची पोरगी बघायला पाव्हणे यायलेत. आणि या सगळ्यांच्या वरताण साहेबांचा ताफा. साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. ते ज्या गावाला जातील तिथं त्यांच्या मागं गाड्यांची ही एवढी रांग लागते, आणि त्यातली एकही गाडी साहेबांची नसते. त्या विजयसिंह आप्पांसारख्यांच्या असतात.

आप्पांची सून आरोही दातांची डॉक्टर. अंबाजोगाईला तिचा दवाखाना, रोज वडगावाहून जाणं-येणं. गाडी ती झकास चालवायची, पण चालवायला गाडी दारात नको का! सकाळी पर्स खांद्याला अडकवून बाहेर यावं, तर अंगणात नुसते चाकांचे वण. "बंकट घेऊन गेला," आप्पा पेपरातून मान वर न करता सांगायचे. बंकट म्हणजे साहेबांचा उजवा हात. त्याचा फोन आला की आप्पा बसल्या जागी उठून उभे राहायचे आणि काय मागितलंय ते पुरतं ऐकायच्या आधीच "हो, हो, पाठवतो" म्हणून मोकळे व्हायचे. तीस वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून साहेबांच्या कामाला "न्हाई" असं निघालं नव्हतं. त्याचा त्यांना केवढा अभिमान!

आणि इकडे आरोहीचा दवाखाना बसायला लागला होता. घाटनांदूरची सारजाबाई गाल एवढा सुजवून सकाळपासून तिच्या दारात बसली होती. त्या दिवशी गाडी सभेला गेलेली. आरोही भाड्याच्या वडाप जीपमध्ये दोन पोत्यांच्या मधी अंग चोरून बसली आणि दुपारी पोचली. तोवर बाई समोरच्या डॉक्टरकडं दाढ काढून घरी निघाली होती. "बाई, तुमचा हात लई हलका हाय वो," गालात कापूस धरून ती म्हणाली, "पर तुमी सापडतच न्हाईत." हे वाक्य आरोहीला चपराकीसारखं लागलं. असंच चाललं तर दिवाळीनंतर पाटी काढून घ्यावी लागेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. शिकून मिळवलेलं सगळं वायाच जाणार होतं, तेही गाडी असून!

अखेर एका ताफ्यातच त्या जुन्या गाडीनं मान टाकली. पोरांनी ढकलत आणली. नवी घ्यायची ठरली, आरोहीच्या साठवलेल्या कमाईतून. कमाई तिची असली तरी निवड काय तिची एकटीची असणार? छे! जेवायला बसलं की घरात संसद भरायची.

"बसायचं तर उंचावर बसावं," आप्पा म्हणाले. "खाली बसून काय खड्ड्यांशी गप्पा मारायच्यात का?"

"अन् आपल्या रस्त्याला तीच बरी," तिचा नवरा सुरज म्हणाला. हा अवजारांचं दुकान चालवतो आणि गाड्यांचं नाव काढलं की जेवण विसरतो. "उसाच्या ट्रॅक्टरमागं लागलो की ठेंगण्या गाडीतून नुसतं चाक दिसतंय, दुसरं काही न्हाई."

"मला सेडान पाहिजे," आरोही म्हणाली. "लांब, ठेंगणी, आतून मऊ."

"कावून?" आप्पांचा घास हातातच राहिला.

"त्यात नवरदेव बसवला तर फेटा टपाला लागतो. वावरात ती जात नाही. आणि ताफ्यात तिला कोणी लावून घेत नाही. म्हणून."

सुरजला ठसका लागला. आप्पांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. ते आपले मनापासून म्हणाले, "मग असली गाडी घ्यायची तरी कशाला?"

रविवारी तिघं बीडला, गाड्यांच्या दुकानात निघाले, सुरजच्या मित्राच्या गाडीतून. मांजरसुंब्याला चहाला थांबले आणि तिथंच घोटाळा झाला. धाब्यावर केजचा एक ओळखीचा भेटला. "कुठं दौरा?" त्यानं विचारलं. सुरजच्या पोटात काही राहतंय का! "गाडी घ्यायला चाललो बे, मोठी!" झालं. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ती बातमी केजला पोचली, आणि बीडचं दुकान येईतो आप्पांच्या फोनवर दोन लग्नं आणि एक जावळ येऊन पडलं. गाडी अजून घेतलेली नव्हती, हो! कोणती घ्यायची तेही ठरलेलं नव्हतं. आणि आप्पा प्रत्येकाला सांगत होते, "तुमचीच गाडी हाय, कवाबी न्या."

इकडे आरोहीचा आतून तिळपापड होत होता.

आधी तिनं सेडान चालवली. काय तो थाट! दार लावलं की बाहेरचं जग गप्प. सीट अशी की पाठीला कोणी उशी लावून दिलीय. पण बायपासला लागायच्या आधी एक बेढब गतिरोधक आला आणि गाडीचं पोट खालून असं खरवडलं गेलं की मागं बसलेल्या आप्पांनी पाय वर घेतले. "लई भारी गाडी आहे," आरोही म्हणाली. खोटं बोलली. आपण खोटं बोललो हे तिला स्वतःला पटकन कळलं, कारण पुढचा गतिरोधक दिसताच तिनं श्वास रोखून धरला होता. वडगावापासून अंबाजोगाईपर्यंत असे किती लागतात, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

मग ती उंच गाडीत चढली. खुर्ची पुढं घेतली, आरसे लावले आणि समोर पाहिलं. उसाची ट्रॉली, तिच्या पुढची बस, बसच्या पुढचा मोकळा रस्ता, सगळं दिसत होतं. तोच गतिरोधक आला आणि गेला, पोटातलं पाणी हललं नाही. खरं सांगायचं तर आरोही हरखली. ही गाडी आपल्यासाठीच केलीय, असं तिला वाटलं. रोज सकाळी हिच्यात बसून जावं, वाटेत कोणाच्या बापाला भिऊ नये. सुरज शेजारून तिच्या तोंडाकडं बघत होता. त्याला सगळं कळलं, पण शहाणा गप्प बसला.

दुकानाच्या दारात गाडी थांबवली, तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. आप्पा दार उघडून खाली उतरले आणि ताठ उभे राहिले. त्यावरूनच आरोहीला कळलं कोण आहे ते.

"हां, बंकटराव! ... व्हय, उंचच हाय ... गुरुवारी? ... हो, हो, पाठवतो. साहेबांना म्हणावं, कोरी करकरीत गाडी पुढं लावा."

गुरुवार म्हणजे सारजाबाईच्या गावच्या बायकांचा दिवस. घाटनांदूरचा अख्खा घोळका त्या दिवशी बाजार उरकून तिच्या दवाखान्यात येतो. आरोहीनं चावी फिरवून गाडी बंद केली. "सेडानच द्या," ती दारात आलेल्या दुकानातल्या माणसाला म्हणाली. तो बिचारा "बरं मॅडम" म्हणून कागद आणायला वळला.

आणि तिला एकदम स्वतःचाच राग आला. एवढा की कान तापले. दहा वर्षं पोट घासत जायचं, मागच्या ट्रकला भ्यायचं, पावसाळ्यात पुलाशी थांबून पाणी उतरायची वाट बघायची, आणि हे सगळं कशासाठी? तर एक शब्द तोंडातून काढायला नको म्हणून! घरात आप्पाच भित्रे आहेत असं ती समजत आली होती. ती तरी काय वेगळं करत होती?

"थांबा," ती त्या माणसाला म्हणाली. खाली उतरली आणि आप्पांपुढं हात केला. "आप्पा, फोन द्या जरा."

आप्पांनी सवयीनं दिला. तिनं नंबर लावला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "अगं, काय करायलीस?"

"बंकटभाऊ, मी आरोही बोलते. गुरुवारी गाडी येणार नाही. ... नाही, पुढच्या गुरुवारीही नाही. गाडी दवाखान्याची आहे. ... साहेबांना काय सांगायचं? सांगा, दाढ दुखली तर कधीही या म्हणावं, डॉक्टर जागेवर सापडेल."

फोन ठेवून तिनं तो आप्पांच्या हातात दिला. आप्पांचं तोंड पांढरं पडलं होतं. "तीस वर्षांचा माझा शब्द," ते म्हणाले, "भर रस्त्यात मोडलास पोरी."

"तुमचा शब्द मी नाही मोडला, आप्पा. तुम्ही माझी गाडी दिलीत, मी ती परत घेतली. माझ्या दारातून लोक परत जातात हो! सुजलेले गाल घेऊन परत जातात. दिवाळीपर्यंत असंच चाललं तर दवाखाना बंद होईल, मग गाडी खुशाल ताफ्यात लावा. मला तरी कुठं जायचं असणार?"

आप्पा काही बोलायच्या आत फोन पुन्हा वाजला. या खेपेला बंकट नव्हता. पडद्यावरचं नाव बघून सुरज नकळत एक पाऊल मागं सरला. खुद्द साहेब! आरोहीनं हात पुढं केला, "द्या, मी बोलते." आप्पांनी फोन दिला नाही. कानाला लावला. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. आप्पा ऐकत होते, घाम पुसत होते, आणि मधेच त्यांची नजर सुनेच्या तोंडावर जात होती.

"साहेब," अखेर ते म्हणाले आणि थांबले. खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "साहेब, पोरगी खरं बोलली. गाडी तिची हाय. मी उगंच हो म्हणालो, चुकलं माझं. ... न्हाई. न्हाई जमायचं, साहेब."

त्यांनी फोन खिशात घातला. दुकानातला माणूस दोन्ही गाड्यांचे कागद घेऊन ताटकळत होता. आरोहीनं उंच गाडीकडं बोट केलं आणि तो हसत आत पळाला.

आप्पा त्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले. तीस वर्षांत त्यांनी किती गाड्या किती जणांना दिल्या असतील, पण आज पहिल्यांदाच ते दुसऱ्याच्या गाडीजवळ उभं राहावं तसे अवघडून उभे होते.

"आरोही," ते म्हणाले, "मंगळवारी मला केजला काम हाय. तुझी वाट वेगळी पडती. पर सकाळी बस स्टँडपस्तोर सोडशील का गं?"