माशांची सुलट बाजू

पडदे शिवणाऱ्या मास्तरांना एक खोड होती. गिऱ्हाइकाने काहीही सांगो, कापडातलं आपल्यालाच जास्त कळतं. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त नर्सबाई निळ्यावर केशरी मासे छापलेलं सॅटिन घेऊन आल्या आणि "सुलट बाजू रस्त्याकडे करा" म्हणाल्या, तेव्हा मास्तरांनी नुसती मान डोलावली. वयामुळे बोलण्यात गडबड झाली असेल, असं परस्पर ठरवून त्यांनी चकाकती बाजू खोलीत येईल असाच पडदा शिवला.

लावायला वर गेले तर बाईंचा चेहरा पडला.

"मास्तर, मी काय सांगितलं होतं?"

"अहो, मागची बाजू फिकट असते. तुम्ही फिकट बघणार आणि चकाकी काय रस्त्याला वाटणार?"

"हो, रस्त्यालाच."

मग त्यांनी सांगितलं. सुनेबद्दल त्या नको ते बोलून बसल्या होत्या. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मुलगा ना घरी आला, ना फोन उचलला. पण त्याच्या कारखान्याची बस रोज संध्याकाळी पावणेसहाला खालच्या सिग्नलला थांबायची. लहानपणी त्याच्या खोलीला असाच माशांचा पडदा होता. तो फाटला तेव्हा पोरगं दोन दिवस गाल फुगवून बसलं होतं.

"ओळखेल तो," बाई म्हणाल्या. "आई वाट बघतेय एवढं कळलं तरी पुष्कळ."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळी शिवण उसवली. सॅटिनवरून सुई एकदा गेली की भोकं राहतात, ती राहिलीच. बाई म्हणाल्या, बसमधून काही भोकं दिसत नाहीत.

पडदा लागला आणि नवीच अडचण उभी राहिली. पडदा ओढला की बाईंना बस दिसेना, आणि बाजूला सारावा तर मासे दिसेनात. मास्तरांचं दुकान सिग्नलला लागूनच होतं. बाईंनी त्यांच्या हातात मुलाचा फोटो ठेवला. "तो वर बघतो का, एवढंच सांगाल?"

तेव्हापासून मास्तर पावणेसहाला मशीन थांबवून दारात उभे राहायचे. मुलगा खिडकीशीच बसायचा, मोबाइलमध्ये डोकं खुपसून. मग मास्तर वर जाऊन सांगायचे, "आज नाही बघितलं." बाई चहा टाकायच्या. दोघं फिकट माशांसमोर बसून गुडघेदुखीवर आणि महागाईवर बोलायचे. मास्तरांची बायको गेल्यापासून त्यांच्या चहाला दुसरा कप लागला नव्हता.

नवव्या दिवशी मुलाने मान वर केली. त्याने पडदा पाहिला, चांगला निरखून पाहिला. ओळखला, यात शंकाच नव्हती. मग तो उठला आणि पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसला.

त्या दिवशी मास्तरांना जिने चढवेनात. बाई दार उघडूनच उभ्या होत्या.

"बघितलं?"

"बसला गर्दी होती. काही दिसलंच नाही."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला वळल्या. "असू दे. उद्या बघा हं, मास्तर."

खरं सांगितलं असतं तर हा उद्या उरला नसता. बाईंचाही नाही आणि आपलाही नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्याची त्यांना लाजही वाटली.

"बघतो," ते म्हणाले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले.