सागवानी पाचर

पनवेलच्या बांधकामवाल्यांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: महादेवच्या सेंटरिंगखाली झकेरियाशेठ वाकत नाही. बाकीचे कंत्राटदार स्लॅब भरण्याआधी खाली शिरून फळ्यांना आधार दिलेला एकेक टेकू हलवून बघत. झकेरिया मात्र वर फळ्यांवर पाय रोवून म्हणायचा, "महादेवने लावलेत ना? मग चालू करा मिक्सर!" नेरे गावचा महादेव लाजून खाली बघायचा. याला कुणी मिजास म्हणावं, पण त्या दोघांचा जीव होता एकमेकांवर.

नव्या पनवेलातल्या एका स्लॅबच्या सकाळी मात्र झकेरियाच्या मनात पाल चुकचुकली. आदल्या दिवशी टपरीवर महादेवने चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेरच ठेवला होता. कप फुटला आणि तो उगाच हसला होता.

माणसं न्याहारीला गेली तसा शेठ चोरपावलांनी खाली शिरला. बाकी टेकू ठणठणीत होते, पण अंधाऱ्या कोपऱ्यातला एक हाताला डुगडुगला. त्याच्या बुडाशी तो घट्ट बसवणारी लाकडी पाचरच नव्हती. पण हाक मारायची, तर चारचौघांत महादेवची मान खाली जाणार. दाराच्या चौकटीतून उरलेला सागाचा तुकडा पडला होता, तो तासून त्याने स्वतःच ठोकून बसवला आणि वर येऊन नेहमीसारखा ओरडला, "चालू करा मिक्सर!"

स्लॅब झकास झाला. टेकू काढायच्या दिवशी शेठला एकदम ती पाचर आठवली. तो धावत पोचला, तर महादेव त्याच कोपऱ्यात उकिडवा बसून ती बोटांनी चाचपत होता. त्याच्या पाचरी कायम बाभळीच्या असत.

"शेठ, ही माजी नाय. तुमी वाकलात."

लाकडाच्या तुकड्यापायी आपण हा माणूस गमावला, असंच झकेरियाला वाटलं. "खुदाची कसम महादेव, तुझ्यावर भरोसा नाही असं नव्हतं रे..."

"बरं झालं वाकलात," महादेव म्हणाला. "माजे डोले अधू झालेत, शेठ. सांगू सांगू करीत व्हतो. पन तुमी सगल्यांसमोर छाती ठोकून माजं नाव घेता, मंग सांगू कसा? रातची झोप नाय लागायची. वाटायचं, एकदा तरी वाकून बगा."

शेठच्या ध्यानात आलं, आपण भरोसा म्हणून मिरवत होतो, आणि त्याचं ओझं हा बिचारा एकटा वाहत होता. तो महादेवच्या शेजारीच मातीत बसला.

पुढच्या स्लॅबला, महादेवच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊनसुद्धा, दोघेही खाली शिरले. बाहेर मिक्सरवाला खोळंबला. "शेठ, चालू करू काय?"

"थांब रे!" आतून दोघं एकदमच ओरडले.